ठराव मांडणारा हारुन

येवल्याचा हारुन मोमीन अंबडला आमच्या कंपनीत प्रेस शॉपला होता, अजूनही आहे. रस्त्यात दिसला तर तुम्ही दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. अंगाने बारका, खांद्यात जरा वाकलेला, खिशात कायम बडीशेप. घरी दोघे भाऊ आजही पैठणीच्या मागावर बसतात. हा मधला. “मला एका जागी बसवत नाही आबा, म्हणून कंपनीत आलो,” असं म्हणायचा. कंपनीने आठ तास उभं केलं, तेव्हापासून पाय दुखतात म्हणून तक्रार करतो.

संघटनेत मीच त्याला आणलं. पहिल्याच मोर्च्यात घोषणा द्यायचं काम दिलं. त्र्यंबक नाक्यावर उभं राहून त्याने “इन्किलाब” असं इतक्या अदबीने म्हटलं, की जणू कुणाला जेवायला हाक मारतोय. मागून झिंदाबाद म्हणायचं असतं हेच लोक विसरले. तेव्हापासून घोषणा दुसऱ्याकडे गेल्या आणि हारुनकडे बारकी कामं आली. हजर राहायचं, समजावून सांगायचं, रुसलेल्याला परत आणायचं. ही कामं कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत. म्हणून तो कमिटीवर कधी निवडून आला तेही फारसं कुणाच्या लक्षात नाही.

आता आमच्या लाल बावट्यात एक जुनी रीत होती, ती आधी सांगतो. नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही.

गेटवर सभा व्हायच्या आधी ऑफिसात आतली बैठक व्हायची. आत काय वाटेल ते बोला. भांडा, टेबल आपटा, एकमेकांची सासुरवाडी काढा. पण एकदा ठरलं की ठरलं. आणि ज्याने आत सगळ्यात जास्त विरोध केला असेल, त्यानेच बाहेर गेटवर तो ठराव मांडायचा. म्हणजे कामगारांना आणि मॅनेजमेंटला दिसतं की घरात फूट नाही. मी स्वतः एकदा यात सापडलोय. कॅन्टीनवर बहिष्कार टाकायचा ठरला आणि मी एकटा विरोधात, कारण त्या दिवशी कॅन्टीनला कांदाभजी होती. झालं, बहिष्काराचा ठराव माझ्याच गळ्यात! भज्यांचा वास गेटपर्यंत येतोय आणि मी माइकवर ओरडतोय, “या अन्नाला हात लावणार नाही!” टाळ्या पडल्या. पोटाची कहाणी कुणाला सांगू?

हसण्यावारी जायची अशी ती रीत. पण करोनानंतर दोनेक वर्षांनी, कराराच्या वेळी, ती हारुनच्या मानेवर बसली.

तेव्हा मी रिटायर झालो होतो. सल्लागार म्हणून बैठकीला बसायचो. बोलायची मुभा, मत द्यायची नाही. संघटनेत दोन तट पडले होते. एक आमचे जनरल सेक्रेटरी कॉम्रेड यादव यांचा. केस पांढरे, आवाज भरदार, तुरुंगाची हवा खाल्लेला माणूस. दुसरा नवनाथचा. नवनाथ टूल रूमचा, तिशीतला, डोळ्यात सदा आग. दोघांचा झेंडा एकच, दोघांची पुस्तकंही तीच, आणि तरी दोघं एकमेकांना मॅनेजरपेक्षा जास्त शिव्या द्यायचे. यादव म्हणायचे, नवनाथ म्हणजे डावा बालिशपणा. नवनाथ म्हणायचा, यादव म्हणजे सुधारणावादी. पॅकिंगमधल्या गोजराबाईने मला एकदा विचारलं होतं, “आबा, सुधारणावादी म्हणजे चांगलं ना?” मी म्हटलं, “नाही बाई, आमच्यात ती शिवी आहे.” ती म्हणाली, “मग बिघडवणाऱ्याला काय म्हणता?”

ही गोजराबाई सटाण्याकडची. कंत्राटी. ठेकेदार बदलायचे, गेटपासचा रंग बदलायचा, बाई तीच. तिच्यासारख्या पॅकिंगला आणि असेंब्लीला पुष्कळ बायका होत्या. काम कायम, नेमणूक कच्ची. संघटनेत त्यांना मत नाही, कारण त्या कागदावर कंपनीच्या नाहीतच. हारुनने स्वतः अशीच कच्ची वर्षं काढली होती आणि संघटनेने भांडून त्याला कायम केला होता. म्हणून त्यानेच त्या बायकांच्या वस्तीत जाऊन त्यांना मोर्च्याला आणलं होतं. उन्हात त्या चालल्या, ठेकेदाराच्या धमक्या खाल्ल्या. आणि हारुनने त्यांना शब्द दिला होता, की करारात पहिलं कलम तुमचं. तुम्हाला कायम केल्याशिवाय आम्ही सही करणार नाही.

बरोबर त्याच कलमावर कंपनीने बोट ठेवलं. पगारवाढ देतो, बोनस देतो, कॅन्टीन सुधारतो. पण कंत्राटी लोकांची मागणी मागे घ्या. घेतलीत तर लगेच सही. नाहीतर असेंब्लीची लाइन दुसऱ्या राज्यात हलवू.

रविवारी सकाळी आतली बैठक बसली. ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. खाली गिरणी चालू असली की वर सगळ्यांच्या चपलांवर पीठ. यादव उभे राहिले.

“आज जे मिळतंय ते खिशात घालू. कंत्राटी लोकांचा लढा वेगळा, नंतर ताकदीने लढू.”

“नंतर म्हणजे कधी, कॉम्रेड? तुमच्या तेराव्याला?” नवनाथ बसल्या जागेवरून.

“तू गप. तुला संप हवाय, करार नकोय. लाइन गेली म्हणजे तुझा मामा नोकऱ्या देणार आहे का?”

“मामा काढू नका हं!”

हारुन बोलायला उठला तेव्हा मला वाटलं, बडीशेप काढतोय. पण त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. म्हणाला, “कॉम्रेड, त्या बायकांना मी शब्द दिलाय. तुमच्या परवानगीने दिलाय. त्यांना सोडून सही केली तर उद्या त्यांच्या जागी ठेकेदार दुसऱ्या आणेल, परवा आपल्या जागी. माझा विरोध आहे. लिहून घ्या.” आणि मग तो बराच वेळ बोलला, मुद्द्याला मुद्दा लावत. यादवांची माणसंही खाली बघायला लागली.

मत झालं. यादवांचा ठराव थोडक्यात मंजूर झाला. नवनाथच्या गटाने मतच दिलं नाही. हे असलं नाटक आम्हाला मान्य नाही म्हणून ते उठून खाली रसवंतीवर गेले. हे ध्यानात ठेवा, मत दिलं असतं तर ठराव तिथेच पडला असता. पण आमच्या लोकांची खोड अशी, की हरण्यापेक्षा बहिष्कार बरा वाटतो.

यादवांनी चष्मा काढला, पुसला. सगळ्यांना पुढचं कळलं होतं.

“रीतीप्रमाणे,” ते म्हणाले, “उद्या गेटवर ठराव हारुन मांडेल.”

हारुनने खिशातली बडीशेप काढली आणि तशीच परत ठेवली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “यादव, या वेळी दुसऱ्या कुणाला सांग.” यादव म्हणाले, “आबा, रीत सोयीपुरती असते का? तुम्हीच शिकवलीत.” त्यांचंही चुकत नव्हतं. हारुनच्या तोंडून ठराव गेला तर विरोधातला माणूस विरोध कुठे नेणार?

खाली रसवंतीपाशी नवनाथने हारुनला गाठलं. मी बाजूलाच होतो.

“हारुनभाई, ऐका. उद्या माइक हातात आला की एकच वाक्य बोला. मी हा ठराव मांडणार नाही. बास. पुढचं आमच्यावर सोडा.”

“पुढचं म्हणजे?”

नवनाथ हसला. “नवी युनियन. बोर्ड रंगवून तयार आहे, त्रिमूर्ती चौकातल्या पेंटरकडून घेतलाय. टेम्पोत ठेवतो. तुम्ही नाही म्हटलं की बोर्ड बाहेर, झेंडा बाहेर, अर्धं गेट आपल्याकडे.”

“आणि उरलेलं अर्धं?”

“उरलं तर उरलं. दलालांबरोबर राहू दे.”

“नवनाथ, दोन झेंडे झाले तर कंपनी कुणाशी बोलेल? कुणाशीच नाही. मग बायका गेल्या, आणि आपणही गेलो.”

“म्हणजे तुम्ही ठराव मांडणार?” नवनाथचा चेहरा लाल झाला. “उद्या त्या बायका रस्त्यापलीकडे उभ्या असतील हारुनभाई. त्यांच्या समोर वाचणार?”

 

सोमवारी दुपारी मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो, गेटवर एकत्र जावं म्हणून. त्याची बायको जहिदा भांड्यांचा आवाज करत होती. ती रागावली की भांड्यातून बोलते. मला म्हणाली, “बघा ना आबा, काल दुपारपासून जेवला नाही हा माणूस. मी म्हणते, आजारी पडल्याचं कळवा, संपलं.”

हारुन म्हणाला, “मी आजारी पडलो तर दुसरा कुणी वाचेल. ठराव काय आजारी पडणार आहे?”

“मग नाही म्हणा.”

“नाही म्हटलं तर युनियन फुटते.”

“मग हो म्हणा!”

“हो म्हटलं तर गोजराबाईला तोंड कसं दाखवू?”

जहिदाने पातेलं ठेवलं. “तुमच्या युनियनमध्ये हो आणि नाही सोडून तिसरं काही नसतंच का?” तिने वैतागून विचारलं होतं, खरं उत्तर तिला नको होतं. हारुन चप्पल घालताना थांबला, तिच्याकडे बघितलं, आणि बाहेर पडला. वाटेत स्कूटरवर मी चार गोष्टी सांगून पाहिल्या. माझ्या गोष्टींना न हसणारा हारुन मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पहिली पाळी सुटायची आणि दुसरी आत जायची, त्या मधल्या वेळात गेटसभा. गेटसमोर माणूसच माणूस. निळे युनिफॉर्म, पाठीला सॅक, हातात डबे. गेटच्या आत मॅनेजरचे दोन-चार लोक काचेमागे, मोबाइल धरून शूटिंग करतायत. डाव्या अंगाला नवनाथची पोरं हाताची घडी घालून. त्यांच्या मागे तो टेम्पो, बोर्डावर चादर. आणि रस्त्यापलीकडे, पिंपळाखाली, कंत्राटी बायका. त्यांना सभेत जागा नाही, म्हणून पलीकडे. गोजराबाई सगळ्यात पुढे, पदर खोचून. हारुनला बघून तिने हात हलवला. तिला माहीतच नव्हतं काय होणार आहे. तिला वाटलं, आपला माणूस बोलणार.

यादवांनी चार शब्दांची प्रस्तावना केली आणि माइक हारुनच्या हातात दिला. माइक दिला तरी त्यांचा हात वायरवर होता.

हारुनने कागद उघडला. नवनाथ एक पाऊल पुढे आला. टेम्पोच्या ड्रायव्हरने चादरीचं टोक धरलं. 

“कामगार बंधूंनो,” हारुन म्हणाला, त्याच अदबीने. “कमिटीचा ठराव मांडतो.”

आणि त्याने वाचला. एक शब्द बदलला नाही, गाळला नाही. ‘कंत्राटी कामगारांना कायम करण्याची मागणी सध्या मागे घेऊन कंपनीशी करार करण्यात यावा.’ वाचताना त्याचा आवाज चढला नाही, पडलाही नाही. पण पलीकडे पिंपळाखाली काय झालं ते मी बघितलं. गोजराबाईचा हात हवेतच होता. तो हळूहळू खाली आला.

“हाई काय शे?” ती आपल्या बोलीत शेजारणीला म्हणाली, हे काय आहे. मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं.

“दलाल!” नवनाथच्या पोरांतून कुणीतरी ओरडलं. “हारुन पण विकला गेला!”

हारुन थांबला नाही. “ज्यांना ठराव मंजूर आहे, त्यांनी हात वर करावेत.”

हात वर यायला लागले. आधी यादवांची माणसं, मग त्यांच्या मागची, मग नुसते बघून बघून वर करणारे. काही हात खांद्यापर्यंतच आलेले. अर्ध्याच्या आसपास असतील, पण आमच्याकडे तेवढं पुरायचं. रीतच तशी होती. हात वर आले की यादव माइक घ्यायचे, ‘एकमताने मंजूर’ म्हणायचे आणि घोषणा सुरू. यादवांनी हात पुढे केला.

हारुनने माइक दिला नाही.

“आता,” तो म्हणाला, “ज्यांना ठराव मंजूर नाही, त्यांनी हात वर करावेत.”

अहो, मी संघटनेत माझे केस पिकवले. त्या गेटवर हा दुसरा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. संघटनेच्या घटनेत लिहिलेलं होतं, पण विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती. जे व्हायचं ते आत ठरलेलं असायचं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एका पोराने मला विचारलं, “आबा, आता काय करायचं असतं?”

हारुनने ठरावाचा कागद डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला. सरळ, वरपर्यंत.

“हारुन!” यादवांचा आवाज माइकमध्येच गेला. “काय चाललंय हे?”

“मतदान घेतोय, कॉम्रेड.”

“ठराव तू मांडलास!”

“मांडला ना. नीट मांडला. आता माझं मत देतोय.”

सभेत खसखस पिकली, पण हसू पुरतं फुटेना. कारण सगळ्यांची नजर डावीकडे गेली होती, नवनाथकडे. आणि इथेच हारुनने त्याला पकडलं होतं. हात वर केला तर या संघटनेचं मतदान मान्य केल्यासारखं, मग बोर्ड काढायला तोंड राहत नाही. नाही केला तर ठराव मंजूर, बायका बाहेर, आणि ते नवनाथच्या घडी घातलेल्या हातांमुळे. नवनाथने टेम्पोकडे बघितलं. पिंपळाकडे बघितलं. हारुनकडे बघितलं, आणि त्या नजरेत जे होतं ते मी इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतील. यादव पुटपुटले, “हारुन, खाली घे हात. मी सांगतोय.” हारुनचा हात खाली येईना.

नवनाथने घडी सोडली आणि हात वर केला.

मग त्याची सगळी पोरं. मग प्रेस शॉप, जिथे हारुनला ओळखत नाही असं कुणी नाही. मग ज्यांनी आधी खांद्यापर्यंत हात केला होता त्यातलेही. “अरे, तू मघाशी पण केला होतास!” एकजण ओरडला. “मघाशी दुसरा प्रश्न विचारलाच नव्हता ना!” हा म्हणाला. मोजायची वेळच आली नाही. काचेमागच्या साहेबांनी मोबाइल खाली केले.

“ठराव नामंजूर,” हारुन म्हणाला, आणि माइक यादवांच्या हातात दिला. 

पुढचं थोडक्यात सांगतो. यादव माणूस मोठा. दुसऱ्या दिवशी वाटाघाटीला गेले आणि म्हणाले, कामगारांनीच नाही म्हटलंय, त्याचं शूटिंग तुमच्याकडे आहे. काळ्या फिती झाल्या, ओव्हरटाइम बंद झाला, गेटवर उपोषण झालं. लाइन काही हलली नाही. शेवटी कंपनी वाकली, पण पुरती नाही. ज्यांची जास्त वर्षं झाली त्यांना टप्प्याटप्प्याने कायम करायचं ठरलं, गोजराबाई पहिल्या टप्प्यात. नव्या मुली राहिल्या, त्यांचं भांडण आजही चालू आहे.

आणि हारुन? त्याच्यावर शिस्तभंगाची बैठक बसली. नियम कुठला मोडला ते कुणाला सांगता येईना. ठराव मांडायचा होता, मांडला. मत घ्यायचं होतं, घेतलं. तरी त्याला कमिटीवरून काढलं. यादवांचा गट काढायच्या बाजूने, आणि नवनाथचा गटही बाजूने! नवनाथचा रंगवलेला बोर्ड चादरीखाली तसाच पडून होता, तो राग. कैक वर्षांत दोन्ही गटांचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर. मी हारुनला म्हटलं, “बघ, एकजूट केलीस की नाही!” तेव्हा कुठे तो हसला.

वर्ष उलटल्यावर वातावरण निवलं, आणि यादवांनीच हारुनला परत कमिटीवर घ्यायचा ठराव आणला. गेटवर सभा. या वेळी गोजराबाई पिंपळाखाली नव्हती, अलीकडे होती, निळ्या युनिफॉर्ममध्ये, हक्काची सभासद. मंजूर असणारे हात वर करा म्हटल्यावर हातांचं रान उठलं. मग यादवांनी, जरा खाकरून, दुसरा प्रश्न विचारला.

एक हात वर आला. गोजराबाईचा.

सगळी सभा चकित. यादव म्हणाले, “अहो गोजराताई, याच माणसामुळे तुम्ही आत आहात!”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “पण आमाले काढायचा कागद यानीच वाचला ना? मी पलीकडे उभी होती. आधी एका शब्दाने सांगितलं असतं तर जिवाचं असं पाणी झालं नसतं. जे चुकलं ते चुकलं. माझा विरोध लिहून घ्या.”

यादवांनी हारुनकडे बघितलं. हारुनची मान खाली होती. मग त्याने ती वर केली आणि तिच्याकडे बघून म्हणाला, “लिहा कॉम्रेड. ताईंचं बरोबर आहे.”

ठराव मंजूर झाला, एक मत विरोधात. तसंच नोंदवलं गेलं.